जाळीखालचे विमान

वरवंडच्या उत्तरेस, महामार्गावरील मालमोटारींचा आवाज जिथे विरत विरत वाऱ्यासारखा वाटू लागतो, तिथे माळावर मल्हारी आणि तानुबाई यांची वस्ती आहे. घर दोन खोल्यांचे. पुढे पत्र्याची पडवी. पडवीसमोर मेंढरे कोंडण्याची गोल जागा आणि तिच्याभोवती रोवलेले लाकडी खुंट. दिवस कलला की या खुंटांना दोरीची उंच जाळी बांधतात. धनगर माणूस तिला वाघूर म्हणतो.

वैशाखातील त्या सकाळी मात्र खुंट उघडे होते. आत एकही मेंढरू नव्हते. वाऱ्याची झुळूक आली की वाळलेल्या लेंड्या थोड्या घरंगळत आणि पुन्हा स्वस्थ बसत. मल्हारी पडवीतील बाजेवर ताठ बसले होते. वय पंचाहत्तरीच्या पुढे गेलेले, अंगात बंडी, दोन्ही मनगटांवर तांबडे वळ. समोर तानुबाई हुलग्याच्या पातळ माडग्याची वाटी घेऊन उभ्या होत्या.

"घोटभर घ्या. मीठ घातलंय, डाक्टरांनी सांगितल्यावाणी."

"विमान आलं का?" मल्हारींनी विचारले.

"कुठलं विमान?"

"असं कसं इचारता, सार्जंट साहेब? आपलंच. अंधार पडताना गेलंय त्ये."

तानुबाईंना उभ्या जन्मात कोणी साहेब म्हटले नव्हते. दुसरी वेळ असती तर त्यांनी पदर तोंडाला लावून हसून घेतले असते. त्या दिवशी त्यांनी वाटी खाली ठेवली आणि वर माशी बसू नये म्हणून ताटली झाकली.

घडले होते ते असे. मेंढरांमागे उन्हात फिरून मल्हारींना चक्कर आली, उलट्या झाल्या आणि त्यांना दौंडच्या एका दवाखान्यात ठेवावे लागले. डॉक्टर म्हणाले, अंगातील सोडियम उतरले आहे. अशा वेळी म्हातारा माणूस काहीबाही बोलतो, घाबरू नका. ते दिवस सीमेवरील तणावाचे होते. गावोगावी सायरनची तालीम चालली होती. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला दौंडातही सायरन झाला आणि थोडा वेळ दिवे मालवण्यात आले. तो लांबलचक सूर खिडकीतून आत आला तेव्हा मल्हारी उठून बसले. त्यांनी हाताची सुई उपटली आणि "जाळी काढा, इंजिनं चालू होत्यात," असे म्हणत ते दाराकडे निघाले. त्यांना आवरताना तिघेजण दमले. शेवटी कापडी पट्टीने त्यांचे हात खाटेला बांधावे लागले. बांधणाऱ्या नर्स मुलीच्या डोळ्यांतही पाणी होते. तिचा काही इलाज नव्हता.

तानुबाई त्या बांधलेल्या हातांजवळ बसून राहिल्या. त्या हातांनी मेंढ्यांची अडलेली पिल्ले सोडवली होती, घर बांधले होते, मुलाला पाळण्यात झुलवले होते. ते हात आता खाटेच्या लोखंडी गजाला घट्ट होते आणि झोपेतही त्यांची बोटे काहीतरी चाचपत होती. सोडियम थोडे चढल्यावर तानुबाईंनी घरी न्यायचा हट्ट धरला. डॉक्टरांनी एक अट घातली. मिठाचे खाणे पोटात गेलेच पाहिजे. उद्या संध्याकाळपर्यंत गेले नाही, तर परत आणायचे, नाकातून नळी घालायची, आणि नळी राहण्यासाठी हात पुन्हा बांधायचे.

ती संध्याकाळ म्हणजे आजची संध्याकाळ. काल सकाळी घरी आल्यापासून मल्हारींच्या तोंडात अन्नाचा कण गेलेला नव्हता.

विमानाचे हे प्रकरण समजण्यासाठी थोडे मागे जाणे आवश्यक आहे.

मल्हारींचा जन्म मेंढरांच्या वाड्यावर, म्हणजे कळपाच्या उघड्या माळावरील मुक्कामावर झाला. चालता येऊ लागले तेव्हापासून ते कळपाच्या मागे होते. त्यांचे वडील कडक शिस्तीचे. एक जरी मेंढरू वाघुरीबाहेर राहिले, तर वाड्यावर कोणी जेवायचे नाही, अशी त्यांची रीत होती. हरवलेले सापडले की मगच तवा चुलीवर चढे. मल्हारींनी अनेक संध्याकाळी पोटात भूक आणि कानात लांबच्या मेंढराचे बेंबाटणे घेऊन काढल्या. सातवीपर्यंतचे शिक्षण त्यांनी तुटक तुटक केले. पुढे लोहगावच्या बाजूला मेंढरे चारताना त्यांनी विमाने पाहिली. पोटात एवढे ओझे घेऊन ही वस्तू वर कशी राहते, या विचाराने त्यांना झोप येईना. भरतीची बातमी कळताच ते रांगेत जाऊन उभे राहिले. छाती भरली, उंची भरली, आणि धनगराचा मुलगा हवाई दलात सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामावर लागला.

एकाहत्तर सालच्या डिसेंबरात युद्ध पेटले तेव्हा ते उत्तरेकडील एका तळावर होते. तिथे चार पंख्यांची अवाढव्य मालवाहू विमाने होती. एरवी त्यांतून जीपगाड्या आणि धान्याची पोती जात. युद्धात त्यांचीच बॉम्बफेकी विमाने करण्यात आली. विमानाच्या पोटात लाकडी रूळ बसवले, रुळांवर फळ्या, फळ्यांवर बॉम्ब. शेपटाकडील मोठे दार आकाशात उघडायचे आणि आतील माणसांनी जोर लावून सगळे बाहेर ढकलायचे, असा प्रकार होता.

त्या तळावरचा दिवस उलटा चाले. लोकांची सकाळ होते त्या वेळी तिथे दिवस संपे. पहाटे विमाने उतरत. उतरली की प्रथम चाके पाहायची, पंखांना कुठे भोक पडले आहे का ते पाहायचे, आणि आतील लाकडाच्या ढलप्या झाडून काढायच्या. मग विमानावर हिरवी-मातकट जाळी ओढायची, म्हणजे वरून शत्रूला ते झुडपासारखे दिसावे. जाळीखाली विमान झोपे आणि तंबूत माणसे झोपत. दुपारी ट्रॅक्टरमागे ट्रॉल्या लावून बॉम्ब येत. ते फळ्यांवर चढवायचे, दोर आवळायचे, बॉम्बना पत्र्याच्या शेपट्या बसवायच्या. नंतर जाणकार माणसे येऊन त्यांत स्फोट घडवणारे फ्यूज घालत. तेव्हा बाकीच्यांनी लांब जाऊन उभे राहायचे, विडीसुद्धा पेटवायची नाही. संध्याकाळी जाळी काढायची. एकेक इंजिन सुरू होई. पहिले खोकल्यासारखे, दुसरे त्याला साथ देई, आणि चारही एक झाली की पायांखालची जमीन मांजरीसारखी गुरगुरू लागे. दिवा न लावता ते एवढे मोठे धूड अंधारात शिरे. मागे राही तो तेलाचा वास आणि थंडी.

पुढे वाट पाहणे. मल्हारींना जेवणाची थाळी मिळे, पण घास उतरत नसे. कळप बाहेर असताना ते कधी जेवलेच नव्हते.

"ए धनगरा," पथकातील मंडळी थट्टा करत, "विमान म्हंजी काय मेंढरू हाय व्हय? त्ये काय कोणाच्या उसात शिरणार हाय?"

मल्हारी हसत आणि थाळी झाकून ठेवत. आठवडाभरात कोणी काही न ठरवता त्या पथकातील सगळ्यांच्याच थाळ्या झाकलेल्या राहू लागल्या. विमान उतरे, मग सगळे मिळून गार झालेली डाळ खात. खुद्द सार्जंटसुद्धा त्यांत बसू लागला.

एका पहाटे त्यांचे विमान आले नाही. धुके असे दाटले होते की स्वतःचा हात दिसत नव्हता. दुपारी धुके फाटले आणि विमान आले; ते दुसऱ्या तळावर सुखरूप उतरले होते. त्या दिवशी मल्हारी धावपट्टीच्या कडेला गवतात बसून रडले.

नोकरीची ठरलेली वर्षे संपल्यावर ते माघारी आले आणि पुन्हा मेंढरांमागे लागले. लोकांना हे विचित्र वाटले. शाळेने एकदा स्वातंत्र्यदिनी त्यांना युद्धाच्या गोष्टी सांगायला बोलावले. त्यांनी टोपी सारखी केली आणि जड वस्तू दोघांनी उचलताना बोटे चेंगरू नयेत म्हणून काय करावे, एवढे नीट समजावून सांगितले. नंतर नमस्कार करून ते खाली बसले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजी अजून काही येईल म्हणून थांबून राहिले.

तानुबाईंना मात्र त्यांनी सांगितले होते. लग्न नवे होते. दोघे भीमेच्या काठाने कळप घेऊन चालले होते, आणि थंडीची सकाळ होती.

"लई गार असायचं गं," ते म्हणाले होते. "लोखंड. डिसेंबरात दव पडायचं त्याच्यावर. चढवताना मी परत्येकाच्या पाठीवर हात ठिवायचो. सवयच ती. मेंढरू वाघुरीत शिरताना ठिवतो ना, तसा. पर हात असा गार पडायचा, की अंथरुणात घेतला तरी गारच."

"मग?"

"मग काय. विमान माघारी यायचं. आम्ही जेवायचो. पर ती न्हाई यायची माघारी. पाठीवर हात ठिवलेली सगळी तिकडंच ऱ्हायची. धनगर बाहेर सोडतो त्ये आत घेतो. मी नुसताच सोडत होतो." थोडे चालल्यावर त्यांनी विचारले होते, "खाली कोन असंल का गं?"

तानुबाई तेव्हा विशीच्या आतल्या होत्या. त्यांनी मागे राहिलेले एक कोकरू उचलून त्यांच्या हातात दिले होते, आणि तो विषय तिथेच राहिला तो राहिलाच.

आता पुन्हा त्या सकाळकडे येऊ.

नात हर्षदा कारेगावला राहते आणि रांजणगावच्या एका कारखान्यात माल तपासण्याच्या कामावर आहे. आजोबांसाठी रजा टाकून ती आली होती. तिने मोबाईल काढला.

"आज्जी, थांब. आबांना आवाजच पायजे ना? हे बघ, सगळं मिळतं यात."

तिने विमानाचा आवाज लावला. पडवीचा पत्रा थरथरला. मल्हारींनी कान दिला आणि त्यांच्या चेहऱ्यावर कीव आली.

"ह्ये जेट हाय, पोरी. शिट्टी मारल्यागत वाजतं. आपलं घुमतं. तुला कोनी ठिवली ह्या ड्यूटीवर?"

"आबा, मी क्वालिटीत हाय," हर्षदा म्हणाली.

"मग कठीण हाय," मल्हारी म्हणाले.

हर्षदा हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. तिने चार पंख्यांचे विमानही शोधून लावले. त्यावर ते म्हणाले, "खिशातून येतंय. वरून यायला पायजे."

इतक्यात त्यांना दारातील टेम्पो दिसला. हा टेम्पो त्यांचा मुलगा हरिबा याचा. तो वरवंडहून दौंडच्या बाजारात भाजी नेतो. मल्हारी ओरडले, "शेजारच्या पथकाचं विमान उजाडलं तरी उघडंच ठिवलंय? जाळी टाका त्याच्यावर! वरून दिसतंय समदं!"

"आबा, मला कांदा घेऊन जायचाय," हरिबा म्हणाला.

"ए नव्या पोरा, तोंड चालवू नगंस. टोकं धर."

पन्नाशीला टेकलेला, मिशा पिकलेल्या हरिबाने आईकडे पाहिले. तानुबाईंनी मानेने खूण केली. गोठ्याच्या आढ्याला जुनी फाटकी वाघूर टांगलेली होती. बाप, लेक आणि नात यांनी मिळून ती टेम्पोवर ओढली. मल्हारींच्या गाठी पहिल्यासारख्या बसत होत्या. जाळीच्या चौकोनांतून ऊन टेम्पोच्या निळ्या पत्र्यावर सांडले आणि तो पत्रा पाण्यासारखा हलू लागला. पाहता पाहता तानुबाईंनाही वाटले, की तिथे कोणी मोठा प्राणी झोपला आहे आणि त्याची पाठ वर-खाली होते आहे.

रस्त्याने साखरबाई चालल्या होत्या, त्या थांबल्या. "हरिबा, गाडीला काय गोवर निघालाय का काय रं? झाकून ठिवलीया ती?"

"व्हय मावशी," हरिबा म्हणाला. "उतरंस्तवर बाजार बंद."

दुपार चढली. तानुबाईंना धुक्याची गोष्ट आठवली आणि थोडी आशा वाटली. त्या बाजेजवळ जाऊन सरळ उभ्या राहिल्या, सार्जंट उभा राहत असेल तशा.

"निरोप आलाय वायरलेसवर. धुकं लई हाय. आपलं विमान दुसरीकडं उतरलंय. समदी सुखरूप हायती. तवा तुम्ही आता जेवून घ्या."

मल्हारींनी त्यांच्या तोंडाकडे आणि मग माळाकडे पाहिले. बाहेर वैशाखाचे ऊन रणरणत होते. मृगजळात माळ हलत होता आणि लांबची बाभूळ जमिनीपासून सुटून हवेत उभी असल्यासारखी दिसत होती.

"धुकं हाय खरं," ते म्हणाले. तानुबाईंनी लगेच वाटी पुढे केली. त्यांनी ती हळूच बाजूला सारली. "पर माघारी आल्याबिगर कसं जेवू? ती बाहेर हायती ना अजून."

"निरोप आलाय म्हनते ना मी!"

"निरोप पोटात जात न्हाई, साहेब."

तानुबाई मागे सरल्या आणि दाराच्या चौकटीला टेकून बसल्या. कालपासून त्यांचेही पोट रिकामे होते, हे त्यांच्या ध्यानातच आले नव्हते. डोळे जड झाले. अर्धवट झोपेत त्यांना दिसले, की माळावर दव पडले आहे, दवाखालून लोखंडाच्या पाठींची रांग चालली आहे, आणि एकही पाठ आवाज करत नाही. घंटा नाही, बेंबाटणे नाही. दचकून त्या जाग्या झाल्या. माळ तसाच होता. मल्हारीही तसेच होते.

त्या वेळी त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. विमानाची वाट पाहणारा माणूस वर पाहील. मल्हारींनी सकाळपासून एकदाही वर पाहिले नव्हते. पडवीच्या कडेखालून निळे आभाळ स्वच्छ दिसत होते, आणि त्यांची नजर मात्र समोर, खाली, उघड्या खुंटांच्या मधल्या मोकळ्या जागेवर लागलेली होती.

ते "ती बाहेर हायती" म्हणाले होते. विमान बाहेर आहे, असे म्हणाले नव्हते.

"हरिबा!" त्यांनी हाक मारली. "मेंढरं कुठं हायती?"

"मारुतरावांच्या रानात, पाटसकडं. तूच न्हाई का म्हनलीस, आबांना निजू द्या, गलका नगं?"

ते खरे होते. पावसाळ्याआधी शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवून घेतात. रात्रभर मेंढरे बसली की जमिनीला खत मिळते. मारुतराव हे पाटसजवळचे मोठे बागायतदार. त्यांचे बोलावणे बरेच दिवस होते. आजारी माणसाला शांतता मिळावी म्हणून मल्हारी दवाखान्यातून निघण्याआधीच कळप तिकडे पाठवला गेला. बरोबर भाचा हौसराव होता, नवी वाघूर होती, काळजीचे कारण नव्हते. सगळ्यांनी चांगल्या मनाने केले होते. आणि चांगल्या मनाने त्यांनी धनगराला रिकाम्या वाघुरीसमोर आणून बसवले होते आणि जेवायला वाढले होते.

"माघारी आन," तानुबाई म्हणाल्या.

"आई, शब्द गेलाय त्यांना. अजून रानाचा निम्मा तुकडा ऱ्हायलाय. आन् ह्या उन्हात चालवत आनायची? आबांना विमान दिसतंय आन् तू मेंढरांचं काय काढलंस?"

"मला फोन लावून दे."

हर्षदाने फोन लावला आणि आजीच्या कानाला धरला.

"मारुतराव, वरवंडच्या माळावरनं तानुबाई बोलते. मेंढरं आज घेऊन जाते मी."

"अहो, असं कसं तानुबाई? निम्मं रान तसंच हाय. बाकीच्यांना न्हाई म्हनून तुमच्यासाठी ठिवलं होतं."

"आमचे मालक जेवत न्हाईती."

"मेंढरांपायी?"

"कशापायी त्ये मला नीट सांगता येत न्हाई. पर सांजच्या आत ती वाघुरीत पायजेत. न्हाईतर दवाखान्यात हात बांधत्यात त्यांचे."

मग मारुतराव म्हणाले, "पाटाला पानी सोडलंय. आधी पाजून घेऊ दे हौसरावाला. पाजून सोडतो. रान काय, पुढच्या साली बी हितंच हाय."

ऊन कलले. तानुबाई हर्षदाला घेऊन उरलेल्या जुन्या वाघुरीचे तुकडे खुंटांना बांधू लागल्या. मल्हारी पाहत होते. हरिबा टेम्पोजवळ उभा होता. डॉक्टरांनी दिलेली वेळ त्याला सतावत होती. "आई, दिवस बुडायच्या आत निघावं लागंल," तो दोनदा बोलला. दुसऱ्या वेळी त्याच्या हातात किल्ली होती.

तेवढ्यात पत्रा घुमला.

प्रथम वाटले, महामार्गावरून काही मोठे चालले असावे. पण तो घुमारा सरकत नव्हता, वाढत होता. जमिनीतूनच तो पायांत चढत होता. आग्नेयेकडे माळाच्या कडेवर धुळीचा ढग उठला. मावळतीचे ऊन त्यात शिरले आणि तो आतून पेटल्यासारखा केशरी झाला. त्या केशरी धुक्यात अगोदर काहीच दिसेना. मग खुरांचा आवाज वेगळा झाला, घंटा वेगळ्या झाल्या, आणि हौसरावाची हाळी वेगळी झाली.

मल्हारी उठले. कोणी त्यांना धरले नाही. तानुबाईंनी हरिबाला डोळ्यांनीच थांबवले. ते वाघुरीच्या तोंडाशी गेले, एक पाय पुढे टाकून उभे राहिले आणि त्यांनी उजवा हात कमरेच्या खाली, तळवा सपाट ठेवून, वाटेवर धरला.

पहिली मेंढी आली. हाताखालून शिरली. तळवा तिच्या पाठीवरून गेला. दुसरी आली. तिसरी आली. मग लोट सुरू झाला. लोकर, धूळ, उष्ण श्वास, पाण्याचा आणि ओल्या मातीचा वास. हात मात्र कुणालाही चुकवत नव्हता. त्यांचे ओठ हलत होते. तानुबाई जवळ सरकल्या, तेव्हा त्यांना ऐकू आले.

"गार न्हाई... ही बी गार न्हाई... ही ऊबदार हाय... ही बी..."

हर्षदाने आजीचा दंड घट्ट धरला. तिला ते शब्द कळले नाहीत. तानुबाईंना कळले. भीमेच्या काठावरची ती थंड सकाळ त्यांच्यापुढे उभी राहिली आणि त्या वेळी न दिलेले उत्तर आज खुरांच्या आवाजात, स्वतःच्या पायांनी, घरी चालत आले आहे, असे त्यांना वाटले. ते संपूर्ण उत्तर नव्हे, हेही त्यांना कळत होते. जे तिकडे राहिले ते तिकडेच राहिले होते.

लोट संपला. हात तसाच धरलेला होता.

"झाली समदी, आबा," हरिबा म्हणाला. "चला आता, जेवा."

"अजून हाय."

"न्हाई कुनी."

"एक लंगडी हाय. लई मागं ऱ्हाती ती."

धुळीतून हौसराव आला. घामाने भिजलेला, आणि खांद्यावर एक मेंढी, तिचे चारी पाय त्याने छातीशी धरलेले.

"हाय, मामा, हाय! ही बया माझ्या बोकांडी हाय. पाटसपासनं खांद्यावर बसून आलीया, सासरला निघाल्यावाणी. घ्या तुमची महाराणी."

त्याने तिला खाली ठेवले. ती लंगडत हाताखालून गेली. मल्हारींनी तिच्या पाठीवर हात थोडा जास्त वेळ ठेवला. मग त्यांनी स्वतः वाघुरीचे तोंड ओढून गाठ मारली आणि वळून पाहिले. प्रथम हौसरावाकडे, मग हरिबाकडे, मग तानुबाईंकडे.

"तानू," ते म्हणाले. दवाखान्यात गेल्यापासून त्यांनी हे नाव प्रथमच घेतले होते. "ह्या पोराला पानी दे आधी. लांबून आलाय."

हौसरावाला पाणी मिळाले. माडगे पुन्हा गरम झाले. मल्हारी वाघुरीजवळच, जमिनीवर, पोत्यावर बसले. वाटी दोन्ही हातांनी धरून त्यांनी फुंकर घातली आणि पहिला घोट घेतला. तानुबाईंना घशाची ती हालचाल दिसली. हरिबाने किल्ली खिशात टाकली. दुसरा घोट घेण्याआधी मल्हारी थांबले.

"तू जेवलीस?"

"माझं काय घिऊन बसलाय?"

"जेवली न्हाईस. आन वाटी दुसरी. आमच्या पथकात असं एकट्यानं खायची पद्धत न्हाई."

हे तळावरचे बोलणे होते की घरचे, ते सांगणे कठीण होते. तानुबाईंनी दुसरी वाटी आणली आणि त्या शेजारी बसल्या. माडग्यात मीठ जरा जास्तच पडले होते. दोघांनी वाट्या रिकाम्या केल्या.

उजेड निवत गेला. लोहगावच्या दिशेकडून एक विमान उंचावरून आले आणि लांब शिट्टीसारखा आवाज सोडत सोलापूरकडे निघून गेले. मल्हारींनी मान वर केली नाही. ते आडवे झाले होते. त्यांचा उजवा हात जाळीच्या एका चौकोनातून आत गेलेला होता आणि त्या लंगड्या मेंढीच्या पाठीवर पडलेला होता. मेंढी रवंथ करत होती. तिच्याबरोबर तो हात हळूहळू हलत होता.

हरिबा टेम्पोपाशी गेला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "आई, ह्याच्यावरची जाळी काढू का? पहाटं बाजारला जायचंय."

"ऱ्हाऊ दे," तानुबाई म्हणाल्या. "पहाटं ते उठतील, तवा तेच काढतील."